पॅरिसमध्ये कुठे उतरावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हिसाची अपॉइंटमेंट मिळाली की लोकांचे हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी आणली आहेत. काय पाहावं आणि किती दिवसांत पाहावं, हा इथला विषय नाही. मुक्काम कुठे करावा, एवढंच. तीन ते सहा रात्री राहणारा प्रवासी डोळ्यांसमोर ठेवला आहे. दर दरवर्षी थोडे सरकतात, म्हणून जिथे दर दिलेत तिथे सालही दिलं आहे.

१. पॅरिसला पहिल्यांदाच जातोय, चार रात्री आहेत. फार खोलात न जाता सांगा, कुठे राहू?

बजेट सैल असेल तर पाचव्या वॉर्डात, लुक्झेंबर्ग बाग ते झ्युसिय स्टेशन या पट्ट्यात. बजेट आवळलेलं असेल तर चौदाव्या वॉर्डात, देनफेर-रोशरो स्टेशनच्या आसपास.

देनफेरचं नाव आपल्याकडच्या याद्यांमध्ये क्वचितच दिसतं, पण मला विचाराल तर कुटुंबासाठी याच्याइतकी सोयीची जागा कमी आहे. शार्ल द गोल विमानतळावरून आरईआर बी ही उपनगरी गाडी थेट इथे येते. मेट्रो ४ धरली की नोत्र-दामच्या बेटावर, मेट्रो ६ धरली की आयफेलपाशी, दोन्हीकडे गाडी न बदलता. स्टेशनला लागूनच रु दागेर नावाची बाजाराची गल्ली आहे. फळवाला, चीजवाला, बेकरी सगळं दारात. संध्याकाळी थकून परतल्यावर काहीतरी घेऊन खोलीवर जाता येतं.

२. हॉटेलच्या पत्त्यात १ ते २० असे आकडे असतात, ते काय?

शहराचे वीस आरोंदिसमाँ आहेत, म्हणजे आपल्याकडचे वॉर्ड. आजची रचना १८६० सालची. लूव्र संग्रहालयापासून सुरुवात होते आणि आकडे घड्याळाच्या दिशेने गोल गोल बाहेर जातात, त्यामुळे लहान आकडा म्हणजे साधारण मध्यवर्ती. पिनकोडचे शेवटचे दोन अंक हाच वॉर्ड: ७५००५ म्हणजे पाचवा, ७५०१४ म्हणजे चौदावा. सोळाव्याला मात्र ७५०१६ आणि ७५११६ असे दोन कोड आहेत. पहिले चार वॉर्ड २०२० पासून कारभारापुरते एकत्र केलेत, पण पत्ते जुनेच चालतात.

नुसत्या आकड्यावर मात्र विसंबू नका. अठरावा वॉर्ड म्हणजे मोंमार्त्रच्या चित्रातल्यासारख्या गल्ल्या आणि पोर्त द ला शापेलचा रुक्ष महामार्गी कोपराही. एकच आकडा, दोन वेगळी गावं.

३. डावा किनारा, उजवा किनारा म्हणतात. त्याने काही फरक पडतो का?

सेन नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. प्रवाहाकडे तोंड केलं तर डाव्या हाताला दक्षिण, उजव्या हाताला उत्तर. पाचवा, सहावा, सातवा, तेरावा, चौदावा आणि पंधरावा हे डावीकडचे, बाकीचे उजवीकडचे. राहायला दोन्ही चांगले. फरक पडतो तो विमानतळावरून येणाऱ्या टॅक्सीच्या ठरलेल्या भाड्यात. शार्ल द गोलवरून उजव्या किनाऱ्याला ५६ युरो, डाव्याला ६५. ऑर्लीवरून उलट: डाव्याला ३६, उजव्याला ४५ (२०२५ चे दर).

४. आयफेल टॉवरजवळच हॉटेल हवंय. खिडकीतून दिसला तर उत्तमच. का नको म्हणता?

नको म्हणत नाही. पण किंमत कशाची मोजताय ते बघा. आयफेल शहराच्या पश्चिमेला आहे. लूव्र, नोत्र-दाम, मारे ही जुन्या हवेल्यांची पेठ, ओपेरा हे सगळं त्याच्या पूर्वेला. म्हणजे टॉवर एकदा बघायचा आणि बाकीचे दिवस रोज उलट दिशेने जायचं. सातव्या वॉर्डाचा हा भाग राहत्या श्रीमंत लोकांचा, वकिलातींचा आहे. रात्री नऊनंतर रस्ते सुनसान होतात. ज्यांना शांतता हवी त्यांना हे आवडेल, ज्यांना जेवण झाल्यावर फेरफटका मारायचाय ते कंटाळतील. त्यातल्या त्यात रु क्लेर ही बाजाराची गल्ली जिवंत आहे, तिच्या आसपास बघा.

‘आयफेल व्ह्यू’ लिहिलेल्या खोलीचं बुकिंग करण्याआधी हॉटेलला मेल टाका आणि त्याच प्रकारच्या खोलीच्या खिडकीतून काढलेला फोटो मागा. बऱ्याच ठिकाणी बाल्कनीच्या टोकाला उभं राहून मान वाकडी केली की टॉवरचं टोक दिसतं आणि त्याचे रात्रीला पन्नास-शंभर युरो जास्त लागतात. अंधार पडल्यावर दर तासाला पाच मिनिटं टॉवर लखलखतो, तो नदीच्या पलीकडच्या त्रोकादेरोच्या कठड्यावरून फुकट दिसतो. जूनमध्ये जाणार असाल तर लक्षात ठेवा, सूर्यच रात्री दहाच्या सुमारास मावळतो. लहान मुलं लखलखाट बघायच्या आधीच झोपलेली असतात.

मधला मार्ग म्हणजे पंधरावा वॉर्ड. ला मोत-पिके ग्रनेल स्टेशनला मेट्रो ६, ८ आणि १० मिळतात, टॉवर चालत पंधरा-वीस मिनिटांवर, आणि रु द्यु कोमेर्सवर रोजच्या गरजेची सगळी दुकानं. खोल्यांचे दरही सातव्यापेक्षा माणसात आलेले.

५. हॉटेल मेट्रोपासून तीन मिनिटांवर आहे म्हणतात. एवढं पुरेसं आहे ना?

नाही. पॅरिस जेमतेम १०५ चौरस किलोमीटरचं शहर आहे. पूर्व-पश्चिम टोकं म्हणजे साधारण दादर ते अंधेरी. एवढ्याशा जागेत मेट्रोची इतकी स्टेशनं आहेत की बहुतेक प्रत्येक हॉटेल ‘मेट्रोजवळ’च असतं. विचारायचा प्रश्न आहे: कुठली लाइन, आणि रोजच्या ठिकाणी जाताना किती वेळा गाडी बदलायची?

मेट्रो १ लूव्र, शाँझेलिझे, मारे आणि गार द लियों हे रेल्वे स्टेशन जोडते. मेट्रो ४ उत्तर-दक्षिण सरळ जाते. मेट्रो १४ वेगवान आहे आणि जून २०२४ पासून थेट ऑर्ली विमानतळापर्यंत जाते. या तिन्ही लाइन चालकाविना धावतात, त्यामुळे संपाच्या दिवशीही बहुधा चालू असतात. फ्रान्समध्ये जाताय, तेव्हा संप हा हवामानासारखा धरूनच चालायचा. १३ नंबरची लाइन गर्दीसाठी कुप्रसिद्ध आहे. मुंबईकर हसतील, पण बॅगा असतील तर हसू जाईल.

शातले आणि मोंपार्नास इथे गाडी बदलणं म्हणजे बोगद्यातून लांबलचक पायपीट. नकाशावर एक ठिपका दिसतो, प्रत्यक्षात दहा मिनिटं चालावं लागतं. नकाशा उघडून हॉटेल ते लूव्र आणि हॉटेल ते आयफेल असे दोन प्रवास आधी करून बघा. दोन्हीत मिळून एकापेक्षा जास्त बदल असतील तर दुसरं हॉटेल शोधा.

६. विमानतळावरून सामानासकट येणार. आरईआर बीच्या लाइनवरच हॉटेल घ्यावं का?

एकटेदुकटे असाल तर हो. गार दु नोर, शातले, सँ-मिशेल, लुक्झेंबर्ग, पोर-रोयाल, देनफेर ही सगळी एकाच गाडीची स्टेशनं. चौघं असाल तर मात्र हिशोब उलटतो. विमानतळाचं तिकीट माणशी १३ युरो (२०२५), म्हणजे चौघांचे ५२. टॅक्सी ५६ किंवा ६५ मध्ये दारात सोडते. चार-तेरा युरोंसाठी बॅगा जिन्यांवरून ओढण्यात राम नाही. टर्मिनलबाहेरच्या अधिकृत रांगेतच उभं राहा. आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ करणाऱ्यांकडे बघूही नका. पाचवा माणूस असेल तर जादा आकार पडतो आणि मोठी गाडी मागावी लागते.

आणखी एक. रात्री मुंबईहून निघालेली विमानं सकाळी उतरतात, आणि खोली मिळते दुपारी दोन-तीनला. हॉटेल मध्यवर्ती असेल तर बॅगा रिसेप्शनला टाकून लगेच हिंडायला लागता येतं. लांबचं हॉटेल असेल तर पहिला दिवस लॉबीत पेंगण्यात जातो.

७. गार दु नोरजवळ हॉटेलं स्वस्त दिसतात आणि भारतीय जेवणही तिथेच आहे. पण भाग वाईट आहे असं ऐकलं. खरं काय?

दोन्ही खरं आहे. स्टेशनच्या उत्तरेला, ला शापेल मेट्रोच्या दिशेने, रु द्यु फोबुर सँ-देनी, रु काय आणि रु पेर्दोने या गल्ल्यांत श्रीलंकेतून आलेल्या तमिळ लोकांनी अख्खी पेठ उभी केली आहे. डोसा, इडली, कढीपत्ता, शेवगा, स्टीलची भांडी, साड्या, सगळं. चार दिवस ब्रेड खाऊन तोंडाची चव गेलेल्यांना इथला गरम सांबार म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. जवळच रु पाझोलवर गणपतीचं देऊळ आहे, श्री माणिक विनायकर आलयम. गणेश चतुर्थीच्या सुमारास, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला, त्यांचा रथ निघतो. रस्त्यावर नारळांच्या राशी रचलेल्या असतात, रथ येताच ते फोडले जातात, आणि करवंट्यांचा खच पडलेल्या डांबरी रस्त्यावरून हळदीचं पाणी वाहत असतं. त्या दिवसांत जात असाल तर चुकवू नका.

राहायचं का, हा वेगळा प्रश्न. स्टेशनसमोरचा परिसर, आणि तिथून बार्बेस, ला शापेल, स्तालिनग्राद हा पट्टा रात्री उशिरा अस्वस्थ करणारा आहे. घोळके, नशा केलेली माणसं, खिशावर नजर ठेवून असणारे. कुणी सहसा अंगावर येत नाही, पण मुलं आणि बॅगा घेऊन अकरा वाजता तिथून चालायला मजा नाही. माझं मत: जेवायला जरूर जा, झोपायला नको. पहाटेची लंडनची गाडी असेल तर शेवटची एक रात्र तिथे काढणं शहाणपणाचं आहे. तेव्हाही स्टेशनच्या दक्षिणेला, रु द पारादीच्या बाजूला बघा.

८. शुद्ध शाकाहारी आहोत. त्यासाठी भाग बदलावा का?

मुद्दाम नको. ला शापेलचं वर आलंच (प्रश्न ७). दहाव्या वॉर्डात पासाज ब्रादी या छत असलेल्या जुन्या गल्लीत भारतीय-पाकिस्तानी खानावळी आहेत. मारेमध्ये रु दे रोझियेवर फलाफल मिळतं आणि ते पोटभर असतं, पण ती ज्यूंची पेठ आहे. शुक्रवारी संध्याकाळपासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत बरीच दुकानं बंद, रविवारी उघडी.

अंडं चालत नसेल तर क्रेपच्या (पातळ फ्रेंच धिरड्याच्या) पिठात अंडं असतं हे माहीत असू द्या. पारंपरिक फ्रेंच चीजमध्ये बहुधा प्राणिज रेनेट (दूध घट्ट करणारं, जनावराच्या पोटातून काढलेलं द्रव्य) असतं. खरोखर कडक पाळणाऱ्यांनी आणि जैन मंडळींनी स्वयंपाकघर असलेली जागा घ्यावी (प्रश्न १५).

९. मारे घ्यावं की लॅटिन क्वार्टर? दोन्हींची स्तुती वाचली.

मारे (तिसरा-चौथा वॉर्ड) म्हणजे सतराव्या शतकातल्या हवेल्या, अरुंद गल्ल्या, कपड्यांची दुकानं, कलादालनं. १६१२ साली सुरू झालेला प्लास दे वोज हा चौक इथलाच. रविवारी पॅरिसच्या बऱ्याच भागांत दुकानं बंद असतात, मारे मात्र गजबजलेलं असतं. तुमच्या मुक्कामात रविवार येत असेल तर हे वजनदार कारण आहे.

लॅटिन क्वार्टर (पाचवा) विद्यार्थ्यांचं. सोर्बोन विद्यापीठ, पाँतेओं, पुस्तकांची दुकानं, रु मुफ्तारचा बाजार. जेवण जरा स्वस्त. मात्र सँ-मिशेलच्या कारंज्याजवळची रु द ला ह्युशेत आणि तिच्या बाजूच्या गल्ल्या टाळा. दारात उभे राहून गिऱ्हाइकं ओढणारी हॉटेलं आणि रात्री दोनपर्यंत कल्ला. त्याच वॉर्डात दहा मिनिटं पूर्वेला झ्युसिय किंवा प्लास मोंझला गेलात की गाढ झोप लागते.

बरोबर मुलं असतील तर लुक्झेंबर्ग बागेमुळे पाचवा. दोघंच असाल तर मारे.

१०. मोंमार्त्रला राहायचं फार मनात आहे.

दुसऱ्या खेपेला राहा. टेकडी आहे, खरोखरची. आबेस स्टेशन जमिनीखाली ३६ मीटर आहे, शहरातलं सगळ्यात खोल. लिफ्ट आहे, पण तिथे रांग असली तर गोल जिना संपता संपत नाही. सामान, गुडघे आणि बाबागाडी या तिन्हींचा हा शत्रू.

मनात भरलंच असेल तर आबेस, रु लपिक, किंवा टेकडीच्या मागच्या अंगाला लामार्क-कोलँकूर इथे घ्या. खालचा बुलेवार द क्लिशी म्हणजे रंगीत दिव्यांचा, प्रौढांच्या करमणुकीचा रस्ता, आणि पूर्वेला गेलात की बार्बेस सुरू होतं. हॉटेलच्या नावात ‘मोंमार्त्र’ असलं तरी पत्ता यांपैकी कुठला आहे ते नकाशावर बघा.

११. रात्रीचं बजेट कमी आहे, पण शहराबाहेर जायचं नाही. कुठे बघू?

बारा ते पंधरा हे चारही वॉर्ड. चौदा आणि पंधरा वर येऊन गेले (प्रश्न १ आणि ४). बाराव्यात गार द लियों ते नासियों हा पट्टा बघा: मेट्रो १ आणि आरईआर ए दोन्ही, आलिग्रचा स्वस्त भाजीबाजार, आणि जुन्या रेल्वेच्या पुलावर केलेली झाडांची लांबलचक वाट. फोटोत टाकण्यासारखं फार काही नाही, हीच त्याची खूण. तेराव्यात प्लास दितालि: मेट्रो ७ लूव्र-ओपेराला, मेट्रो ६ आयफेलला. शेजारी ब्युत-ओ-काय नावाची गावासारखी टेकडी आणि दक्षिणेला चिनी पेठ, म्हणजे भात-नूडल्सची सोय.

अकराव्यात, बास्तीय आणि ओबेरकांफजवळही दर बरे असतात, पण तिथे बार आहेत. शुक्रवार-शनिवार रु द लापवर खिडकी उघडी ठेवून झोपता येणार नाही.

१२. मी एकटी मुलगी, पहिलाच परदेश प्रवास. कुठला भाग सुरक्षित?

पाचवा, सहावा, चौदावा, पंधरावा. पण भागापेक्षाही स्टेशन ते दार हा रस्ता महत्त्वाचा. बुकिंगआधी नकाशातल्या रस्त्याच्या फोटोंमध्ये तो चालून बघा: दुकानं, उपाहारगृहं आहेत की नुसत्या भिंती? रिसेप्शन रात्रभर उघडं आहे का? पहिला मजला टाळावा का, असंही मुली विचारतात. आतल्या चौकाकडची खोली मागितली की तो प्रश्न मिटतो आणि आवाजही कमी येतो.

मेट्रो साधारण रात्री सव्वा वाजता बंद होते, शुक्रवार-शनिवार सव्वादोनला. बुआ द बुलोन्य आणि बुआ द वँसेन या जंगलवजा बागा अंधार पडल्यावर नाहीत. अंगावर येणाऱ्यांपेक्षा खिसेकापूंचा त्रास जास्त संभवतो: मेट्रो १, आरईआर बी, आयफेलखाली सह्या गोळा करणाऱ्या मुली, मोंमार्त्रच्या साक्रे-कॉर चर्चच्या पायऱ्यांशी मनगटाला दोरा बांधणारे. हात खिशात, मान नकारार्थी, पाय चालते.

१३. ग्रुप टूर आहे. ‘हॉटेल पॅरिसमध्ये’ असं लिहिलंय, पण पत्त्यात ९५ आहे. हे काय?

ते पॅरिस नाही. ७५ ने सुरू होणारा पिनकोड म्हणजेच पॅरिस. ९२, ९३, ९४ ही लगतची उपनगरं, ९५ आणि ७७ त्याहून लांब. ९५७०० म्हणजे रुआसी, विमानतळाच्या कुशीतलं गाव. बस तुमच्याच दिमतीला असेल तर बिघडत नाही, फक्त संध्याकाळी सातनंतर आपलं आपण शहरात जाऊ हा विचार सोडून द्या. पैसे भरण्याआधी हॉटेलचा पिनकोड लेखी मागा. ‘किंवा तत्सम’ हे शब्द असतील तर तत्सम हॉटेल कुठल्या पिनकोडात, तेही विचारा.

स्वतः बुकिंग करताना मात्र बाहेरचं सगळंच वाईट नसतं. जानेवारी २०२५ पासून सुट्या तिकिटांसाठी झोनची भानगड गेली. मेट्रो किंवा आरईआरचं तिकीट २०२५ मध्ये सरसकट २.५० युरो होतं (विमानतळ सोडून). तेव्हा प्रश्न फक्त वेळेचा. ला देफाँसला मेट्रो १ आणि आरईआर ए आहे. ऑफिसांचा भाग असल्याने शनिवार-रविवारी चांगल्या हॉटेलांचे दर उतरतात. काचेच्या इमारतींत राहून ‘पॅरिसला आलो’ असं वाटत नाही, एवढं सोसत असेल तर घ्या.

१४. एक दिवस डिस्नेलँड आणि मग स्वित्झर्लंडची गाडी. त्यासाठी हॉटेल बदलू का?

बदलू नका, बाराव्यात राहा. आरईआर ए गार द लियों आणि नासियोंवरून डिस्नेलँडच्या दारात साधारण चाळीस मिनिटांत नेते. जिनिव्हा, लोझान, बाझल, झ्युरिकच्या वेगवान गाड्याही गार द लियोंवरूनच सुटतात. आपल्याकडच्या ‘पॅरिस-स्विस’ सहलींना याहून सरळ जागा नाही. मिलान आणि बार्सिलोनाही इथूनच. लंडन, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅमसाठी गार दु नोर. श्टुटगार्ट-फ्रँकफुर्टसाठी गार द लेस्त.

१५. हॉटेल की फ्लॅट? मुलांना वरण-भात लागतो.

पाच रात्रींपेक्षा कमी असेल तर हॉटेल, किंवा स्वयंपाकाचा ओटा असलेलं अपार्ट-हॉटेल. फ्लॅटमध्ये किल्ली घेणं, दाराचा कोड, सकाळी सामान ठेवायला जागा नसणं, ही कटकट चार दिवसांसाठी नको.

फ्लॅट घेणारच असाल तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. स्वतःचं राहतं घर वर्षात ९० रात्रींपेक्षा जास्त भाड्याने देता येत नाही (२०२५ पासून, आधी १२० होत्या). क्रमांक नसलेली जागा ऐनवेळी रद्द होऊ शकते.

ओटा बहुधा इंडक्शनचा किंवा काचेचा असतो. इंडक्शन असेल तर घरून नेलेला ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापतच नाही. तळाला लोहचुंबक चिकटणारा स्टीलचा न्या. आणि फोडणी जपून. २०१५ पासून प्रत्येक घरात धुराचा अलार्म सक्तीचा आहे, आणि छोट्या फ्लॅटमध्ये तो शेगडीपासून चार पावलांवर असतो. मोहरी तडतडायच्या आधी खिडकी उघडा, मिरची घालायची तर तेल फार तापू देऊ नका. तळणाचा बेत मनातून काढून टाका.

१६. आई-बाबा सत्तरीपुढचे, बाबांचा गुडघा दुखतो. लिफ्ट आहे असं लिहिलंय, मग चिंता नाही ना?

लिफ्ट कुठून सुरू होते ते विचारा. जुन्या इमारतीत ती मागाहून बसवलेली असते. कधी पाच-सहा पायऱ्या चढून मग लिफ्ट, आणि तीही दोन माणसं उभी राहिली की भरणारी. एक जण वर, मग बॅग वर, मग दुसरा. मजल्यांचे आकडे आपल्यासारखेच, तळमजला शून्य.

मेट्रोत लिफ्ट फार थोड्या स्टेशनांवर आहेत. संपूर्ण लाइनभर सोय हवी तर १४ नंबर. म्हणून ज्येष्ठांसाठी मी मेट्रो नाही, बस बघून भाग निवडते. ६९ नंबरची बस आयफेलजवळून लूव्र, मारे, बास्तीयला जाते. बसायला जागा, खिडकीबाहेर शहर. तिच्या मार्गावर, सातव्यात किंवा बास्तीयजवळ सपाट भागात खोली घ्या. पाँतेओंच्या आसपास चढ आहे, मोंमार्त्रचं वर सांगितलंच.

१७. युरोपात एसी कशाला लागतो?

जुलै-ऑगस्टमध्ये लागतो. २५ जुलै २०१९ ला पॅरिसात ४२.६ अंश होते. जस्ताच्या छपराखालची वरच्या मजल्यावरची खोली अशा वेळी भट्टी होते, आणि पंखा नसतोच. उन्हाळ्यात ‘एसी आहे’ ही अट भागाच्या आधी लावा. एसी नसलेल्या मारेपेक्षा एसी असलेलं प्लास दितालि कधीही बरं.

१८. कुठल्या तारखांना हे सगळं गणित बिघडतं?

२१ जूनला संगीताचा उत्सव असतो: चौकाचौकांत वाद्यवृंद, पहाटेपर्यंत. मारे, बास्तीय, लॅटिन क्वार्टरमध्ये झोप विसरा. १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, आयफेलच्या आसपास रस्ते बंद. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला रोलाँ गारोस टेनिस स्पर्धेमुळे सोळावा आणि पंधरावा महाग. फेब्रुवारीअखेर-मार्च आणि सप्टेंबरअखेरच्या फॅशन वीकमध्ये मध्यवर्ती हॉटेलं दुपटीकडे झुकतात. विषम सालच्या जूनमध्ये ल बुर्जेचं विमानप्रदर्शन असतं, तेव्हा उत्तरेकडच्या खोल्या आधी संपतात. ऑगस्टमध्ये उलट: पॅरिसकरच सुट्टीवर, दर थोडे खाली, पण राहत्या वस्त्यांतल्या बेकऱ्या, खानावळी आठवडेच्या आठवडे बंद. ऑगस्टपुरतं पर्यटकी भागात राहणं सोयीचं.

१९. व्हिसासाठी एका हॉटेलचं बुकिंग दाखवलं, आता भाग बदलावासा वाटतोय. चालेल?

व्हिसाला संपूर्ण मुक्कामाचा राहण्याचा पुरावा लागतो, म्हणून आधीच मोफत रद्द होणारं बुकिंग करा, आणि भाग त्याच वेळी नीट ठरवा. नंतर हॉटेल बदललं तर नव्या बुकिंगचा कागद जवळ ठेवा. सीमेवरचा अधिकारी मुक्काम कुठे असं विचारू शकतो. व्हिसापुरतं खोटं बुकिंग विकणाऱ्यांच्या नादी लागू नका.

२०. मावसभाऊ पॅरिसजवळ राहतो, त्याच्याकडेच उतरणार. बुकिंग नसलं तर?

मग त्याने आपल्या नगरपालिकेतून आतेस्तासियों दाक्य, म्हणजे पाहुण्याला घरी ठेवत असल्याचा दाखला, काढायचा. त्यासाठी ३० युरोंचा स्टॅम्प (२०२५), घराचा आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. मूळ कागद तुमच्याकडे पोचायला वेळ लागतो, म्हणून दोन महिने आधी त्याच्या मागे लागा. त्याचं घर आरईआरच्या टोकाला असेल तर रोजचे दोन तास प्रवासात जातील. दोन रात्री त्याच्याकडे, तीन शहरात अशी वाटणी केली तर नातंही टिकतं आणि लूव्रही होतं. त्या तीन रात्रींचं बुकिंग वेगळं जोडायचं.

२१. चेक-आउटला जादा पैसे मागितले. फसवलं का?

बहुधा नाही. तो मुक्कामाचा कर, खोलीभाड्यावेगळा, माणशी दर रात्री. २०२४ मध्ये तो मोठ्या प्रमाणात वाढला: तीन-तारांकितला ५.२० युरो, चार-तारांकितला ८.१३. अठराखालच्यांना माफ. त्या दराने दोघांच्या चार रात्रींना चार-तारांकितमध्ये ६५ युरो होत, म्हणून दोन हॉटेलांची तुलना करताना तो धरूनच करा.

२२. सहा रात्री आहेत. तीन इकडे, तीन तिकडे करू का?

एका खेपेत दोन्ही किनारे राहून बघायची हौस असेल तरच. हॉटेल बदलण्यात अर्धा दिवस जातो: अकराला खोली सोडा, तीनला दुसरी मिळणार. मेट्रो-बसचा आठवड्याचा नाविगो पास घेणार असाल तर तो सोमवार ते रविवार चालतो, घेतल्या दिवसापासून सात दिवस नाही. गुरुवारी उतरत असाल तर तो पास जवळजवळ वायाच. त्यात विमानतळाचा प्रवासही येतो, म्हणून सोमवार-मंगळवारी उतरणाऱ्यांनी जरूर घ्यावा. कार्डासाठी पासपोर्ट फोटोपेक्षा लहान फोटो लागतो, अडीच बाय तीन सेंटिमीटरचा; घरूनच कापून न्या.